अर्ध्या पाइंटचे माप

पडद्यावर अमेरिकेतील एका सरकारी शाळेच्या भोजनगृहातली रांग दिसते आहे. ट्रेमध्ये पिझ्झाचा तुकडा, मक्याचे दाणे, सफरचंदाच्या फोडी आणि शीतपेटीतून मुलाने स्वतः उचलून घेतलेले दुधाचे छोटे कार्टन आहे. त्याचा तळ चौकोनी असून वरची घडी घराच्या छपरासारखी दोन्ही बाजूंना उतरती आहे. त्यात आठ औंस, म्हणजे अर्धा पाइंट, म्हणजेच सुमारे २३६ मिलिलिटर दूध मावते. रोज सकाळी पिशवी कापून दूध पातेल्यात ओतणाऱ्या आपल्या घरांना हा प्रकार परका वाटेल; न्यू जर्सीतल्या शाळांत शिकणाऱ्या मराठी मुलांना मात्र तो चांगलाच सवयीचा आहे.

४ जून १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर सही केली. मुलांचे आरोग्य सांभाळणे आणि देशातील शेतमालाचा खप वाढवणे असे दोन्ही हेतू त्या कायद्यात शब्दशः नमूद होते, आणि दूध हा दोन्ही हेतू एकदम साधणारा पदार्थ होता. ‘टाइप ए’ म्हणून ठरवलेल्या जेवणात अर्धा पाइंट दूध आले आणि ते माप आजतागायत टिकले आहे. साय काढलेले की पूर्ण स्निग्धांशाचे, साधे की चॉकलेटचे, यावर पुढे अनेक वाद झाले. आठ औंसांना मात्र कोणी हात लावला नाही.

कागदी कार्टनचा जन्म या कायद्याच्या बराच आधीचा आहे. ओहायो राज्यातील टोलेडो शहरात खेळणी बनवणाऱ्या जॉन व्हॅन वर्मर यांनी १९१५ साली ‘कागदी बाटली’चे पेटंट घेतले आणि तिला ‘प्युअर-पॅक’ असे नाव दिले. काचेची बाटली फुटत असे, वजनाने जड असे आणि रिकामी झाली की परत नेऊन धुवावी लागत असे. कागदाची बाटली एकदा वापरून टाकून देता येणार होती. कल्पना सोपी असली, तरी कागद घडी घालून, चिकटवून, त्यात दूध भरून तोंड बंद करणारे यंत्र बिनचूक चालायला आणखी सुमारे दहा वर्षे गेली. सुरुवातीला कागदावर पॅराफिन मेणाचा थर असे आणि त्याचे पापुद्रे सुटून कधी कधी दुधात उतरत. पुढे मेणाची जागा पॉलिथिलीनच्या पातळ थराने घेतली.

आता डेअरीतले दृश्य पाहू. छापलेली आणि एका कडेने जोडलेली कार्टन चपटी घडी होऊन येतात, म्हणून एका ट्रकमध्ये त्यांचा प्रचंड साठा मावतो. यंत्र प्रत्येक घडी उघडून चौकोनी नळी करते, उष्णतेने पॉलिथिलीन वितळवून तळ बंद करते, दूध भरते आणि मग वरची कड दाबून सांधते. इथे ॲल्युमिनियमचा थर नसतो, त्यामुळे हे दूध महिनोन्‌महिने बाहेर टिकणारे नव्हे. डेअरीपासून मुलाच्या हातापर्यंत ते साधारण ५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवावे लागते. पहिलीतल्या मुलाची खरी परीक्षा त्यापुढे असते. छपराचे दोन पंख मागे दुमडायचे आणि मग पुढे दाबून चोच काढायची, हे कौशल्य त्याच्या बोटांत अजून आलेले नसते. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलांवरून कार्टन उघडून देत फिरणाऱ्या बाई हे तिथले नेहमीचे दृश्य असते.

या कार्टनचे खरे महत्त्व रांगेच्या शेवटी, हिशेब ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यापाशी कळते. या जेवणासाठी शाळेला सरकारकडून मिळणारी भरपाई ताटागणिक ठरते आणि ताटात दूध धरायचे असेल, तर ते पूर्ण आठ औंस असले पाहिजे. बंद कार्टन हा त्या मापाचा पुरावा असतो. ते दिसले की मोजायचे काही उरत नाही. माझ्या मते दूध पाजण्याइतकेच दूध मोजण्याचे काम हा कागद करत आला आहे, आणि म्हणूनच त्याला पर्याय शोधणे इतके अवघड जाते.

२०२३ च्या शरद ऋतूत हे उघड झाले. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा राज्यांतील शाळांना दुधाचा पुरवठा तुटेल, अशा सूचना येऊ लागल्या. दुधाचा तुटवडा मुळीच नव्हता. तुटवडा होता तो अर्ध्या पाइंटच्या कार्टनचा. पॅक्टिव्ह एव्हरग्रीन या मोठ्या उत्पादक कंपनीने मागणी अपेक्षेपेक्षा जास्त आल्याचे कारण दिले. त्याच वर्षी या कंपनीने नॉर्थ कॅरोलायनातील कँटन येथील, १९०८ पासून चालू असलेली आणि अशा कार्टनचा जाड कागद बनवणारी गिरणी बंद केली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे. ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्याने शाळांना सवलत दिली: मोठ्या भांड्यातून पेल्यात दूध ओतून द्यावे, एकाच प्रकारचे दूध ठेवावे, आणि अगदीच शक्य नसेल तेव्हा दुधावाचून जेवण द्यावे.

काही शाळांनी त्याआधीच स्टीलची दूधयंत्रे बसवली होती. यंत्रात दुधाची मोठी पिशवी ठेवायची आणि तोटीखाली पेला धरायचा. दूध अधिक थंड राहते आणि कार्टनचा कचरा होत नाही, पण पेले धुवायला यंत्र, पाणी आणि माणूस लागतो. अनेक शाळांच्या स्वयंपाकघरांत भांडी धुण्याची सोय कधीच मोडीत निघाली आहे. शिवाय मुलाने पेला अर्धाच भरला, तर ते ताट हिशेबात कसे धरायचे, हा प्रश्न उरतोच.

तुटवडा काही महिन्यांत ओसरला. २०२४ मध्ये पॅक्टिव्ह एव्हरग्रीनने आर्कान्सातील पाइन ब्लफ येथील आपली गिरणीही सुझानो या ब्राझिलियन कंपनीला विकली. तिथे बनणारा कार्टनचा कागद जुन्याच मालकाला विकण्याचा दीर्घ मुदतीचा करारही त्या वेळी झाला.