डावीकडून तिसरा कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

पॅरिसमध्ये १६५९ साली ला ग्रांज नावाचा एक तरुण नट मोलिएर या फ्रेंच नाटककार-नटाच्या नाटकमंडळीत दाखल झाला. त्यानं स्वतःला एक सवय लावून घेतली. प्रत्येक प्रयोगाची वहीत नोंद करायची. तारीख, नाटक कोणतं, गल्ला किती जमला, नटाच्या वाट्याला किती आले. अधूनमधून एखादी जादा ओळ : कुणाचं लग्न झालं, कुणी मंडळी सोडली, कोण वारलं. हे काम त्यानं १६८५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं केलं. १७ फेब्रुवारी १६७३ च्या पानावर त्यानं लिहिलं आहे की त्या दिवशी नाटकानंतर रात्री दहाच्या सुमाराला मोलिएर आपल्या घरी वारले. संध्याकाळी रंगमंचावर रोग्याचं काम केलं होतं, आणि छातीत खोकला इतका होता की त्या उबळीनंच घात केला. मोलिएरच्या शेवटच्या दिवसाबद्दल जग जे सांगतं, त्यातला महत्त्वाचा भाग या वहीतून आलेला आहे.

ला ग्रांज काही इतिहासकार नव्हता. तोंडाला रंग लावून उभा राहणारा, दौऱ्याची दगदग सोसणारा माणूस होता. नोंद ठेवणारा माणूस मंडळीतलाच होता. आज मी नाट्यसंस्थांच्या दप्तराविषयी, म्हणजे त्यांच्या जुन्या कागदपत्रांविषयी, फोटो आणि टेपांविषयी बोलणार आहे, आणि माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

नाटकाचा शेवटचा प्रयोग झाल्यावर काय होतं, ते आतल्या माणसांना ठाऊक आहे. रात्रीतच सेट उतरतो. फळ्या पुढच्या नाटकाला लागतात. कपडे उसवून दुसऱ्याच्या मापाचे होतात. प्रॉम्प्टिंगची प्रत, म्हणजे विंगेतून नटांना संवाद सुचवताना हातात असते ती संहिता, कुणाच्या तरी पिशवीतून घरी जाते आणि तिथंच राहते. प्रकाशयोजनेचा तक्ता ज्यानं केला त्याच्या डोक्यात असतो. कुणी मुद्दाम काही फेकत नाही; सगळे पुढच्या तालमीला लागलेले असतात, एवढंच. वीस वर्षांनी संस्थेचा महोत्सव ठरतो, स्मरणिका काढायची असते, तेव्हा शोधाशोध सुरू होते आणि हाताला चार फोटो लागतात.

अशाच एका संस्थेची ट्रंक उघडायला मी मदत केली होती. वरच्या थरात हँडबिलं, त्याखाली हिशेबाच्या वह्या, त्याखाली एका नाटकाची प्रॉम्प्टिंगची प्रत. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या, आणि प्रत्येक टाचणीभोवती तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. दुसऱ्या अंकात नायकाच्या प्रवेशापाशी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘दार अडकतं. आधी खांदा.’ मला त्याचा अर्थ लागेना. संस्थेतल्या एका जुन्या नटांना विचारलं, तर ते उठूनच उभे राहिले आणि खांद्यानं दार ढकलून आत येण्याची ती हालचाल त्यांनी करून दाखवली. पहिल्या काही प्रयोगांत सेटचं दार खरंच अडकायचं. पुढे ते दुरुस्त झालं, पण तोवर खांद्यानं दार ढकलणारा, घरात शिरतानाच चिडलेला तो माणूस नायकात मुरला होता. दार नीट उघडत असतानाही ते शेवटपर्यंत तसेच आत येत राहिले. छापील संहितेत यातलं काही नाही. तिथं फक्त ‘प्रवेश करतो’ एवढंच आहे.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. समासातली पेन्सिल संहितेइतकीच मोलाची असते. आणि ती वाचायला माणूस हयात असावा लागतो. तो कागद आणखी दहा वर्षं कसाही टिकला असता. ते नट टिकले असते की नाही, कोण सांगणार?

म्हणून संस्थेला मदत करायला जाल, तेव्हा खोके विकत घेण्याच्या आधी माणसांकडे जा. विद्यार्थी असाल, ग्रंथपाल असाल, निवृत्त शिक्षक असाल, नाहीतर नुसते जुने प्रेक्षक असाल. अमेरिकेत ‘अमेरिकन थिएटर आर्काइव्ह प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम आहे. त्यात दप्तराचे जाणकार आणि नाट्याभ्यासक मिळून नाट्यसंस्थांना स्वतःचं दप्तर लावायला मदत करतात. दप्तर संस्थेचं आहे आणि ते लावायला संस्थेनंच शिकायचं आहे, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं सूत्र. बाहेरच्यानं येऊन ट्रंक उचलून नेली तर कागद वाचतील, पण संस्थेची सवय बदलणार नाही, आणि पुढच्या नाटकाचे कागद पुन्हा तसेच विखुरतील.

पहिल्या भेटीत काहीही हलवू नका. काय कुठं आहे, एवढंच लिहून घ्या. कपाटात किती फायली, कुणाच्या घरी किती पाकिटं, कुणाच्या लॅपटॉपवर कोणते फोटो. कागद ज्या क्रमानं बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. तारखेवारी लावण्याचा मोह फार होतो. एका पुडक्यात नाटककाराचं पत्र, कापडाचा तुकडा आणि ट्रकभाड्याची पावती एकत्र सापडली, तर ती कुणीतरी कारणानं एकत्र ठेवलेली असतात. वेगळी केलीत की ते कारण कायमचं गेलं.

आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत घालू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण सगळ्यात आधी त्याच जातात. लंडनमध्ये शेक्सपिअरच्या काळात फिलिप हेन्स्लो नावाचा रोझ थिएटरचा मालक होता. तो काही लेखक नव्हता. पैसे कुणाला दिले, कुणाकडून यायचे, कोणत्या नाटकाला किती जमले, एवढंच तो लिहायचा. आज त्या काळच्या रंगभूमीचा अभ्यास करणाऱ्याला हेन्स्लोच्या वहीवाचून पुढे जाताच येत नाही. कित्येक नाटकांच्या संहिता नाहीशा झाल्या. ती नाटकं होती हे आपल्याला कळतं ते त्यानं नाटककाराला दिलेल्या उचलीच्या नोंदीवरून. अदृश्य होण्यासाठी घालायचा झगा विकत घेतल्याची नोंदसुद्धा त्याच्या कागदांत होती. अंगावर हा झगा आहे म्हणजे हे पात्र इतरांना दिसत नाही, असं प्रेक्षकांनी मानायचं. त्या एका खरेदीत त्या रंगभूमीची सगळी कल्पनाशक्ती दिसते, आणि ती आपल्यापर्यंत पोचली खर्चाच्या बाजूनं.

हेन्स्लोच्याच कागदांत १५९८ साली केलेली सामानाची एक यादी होती. एक खडक, एक पिंजरा, एक थडगं, एक नरकाचं तोंड, अशी ती सुरू होते. एडमंड मलोन नावाच्या अभ्यासकानं १७९० साली ती जशीच्या तशी छापली. त्यानंतर मूळ कागद हरवले ते हरवलेच. आज आपल्या हाती आहे ती मलोनची नक्कल. एका माणसानं बसून उतरवून घेतली म्हणून ती यादी आहे.

नक्कल करून ठेवण्याचं महत्त्व याहून चांगलं कुठल्या उदाहरणानं सांगावं, मला सुचत नाही. या कामातला साधा नियम असा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. १६१३ साली ग्लोब थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीनं छपराचं गवत पेटलं आणि सगळं थिएटर जळून गेलं. नाटकघरात आग, पाणी, वाळवी काहीही येऊ शकतं. सगळं दप्तर तिथंच ठेवलं असेल तर एका रात्रीत संपतं.

कागदाचे शत्रू ठरलेले आहेत. टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका; त्यात एकदा अडकलेला कागद सुखरूप बाहेर काढणं कठीण. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं, तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग पाडतो, म्हणून कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा आणि चांगल्या कागदावर त्यांची झेरॉक्स काढा. खोके जमिनीला टेकवू नका, पत्र्याखालच्या माळ्यावरही नकोत. गरम-गार होणारी, दमट जागा टाळा. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवरची अक्षरं आपोआप उडतात, तिचीही झेरॉक्स लगेच काढा. बाकी सगळं हळूहळू शिकता येतं.

आता व्हिडिओ. पुष्कळ संस्था म्हणतात, आमच्याकडे शूटिंग आहे, मग आणखी काय हवं? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० साली बेट्टी कॉर्विन यांनी नाटकांच्या चित्रीकरणाचा मोठा संग्रह सुरू केला. कलावंतांच्या संघटनांशी बोलून, परवानग्या मिळवून त्या प्रयोग चित्रित करून ठेवत, आणि ते अभ्यासकांना तिथं बसूनच पाहता येतात. मला हे काम थोर वाटतं. पण कॅमेरा एका जागेवरून पाहतो, आणि ही हालचाल का ठरली ते सांगत नाही. जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्तनं १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘अँटिगनी’ केलं तेव्हा त्याची सहकारी रूथ बेर्लाऊ हिनं प्रयोगाचे फोटो काढले, आणि त्यांच्या सोबतीला टिपणं घालून एक नमुनापुस्तक झालं. नट कुठं उभा आहे आणि तिथंच का उभा आहे, हे त्यात आहे. शूटिंगच्या जोडीला दिग्दर्शकाकडून अशी दोन पानं जरी लिहून घेतली तरी शूटिंगचं मोल कितीतरी वाढतं.

आणि तुमच्या कपाटात व्हीएचएसच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओच्या कॅसेट असतील तर त्यांना वाट बघायला लावू नका. ती वाजवणारी यंत्रं बनवणं जगातल्या शेवटच्या कारखान्यानं २०१६ साली बंद केलं. टेपवरचा थर ओल धरतो, चिकट होतो. आधी त्या डिजिटल करून घ्या, फोटो नंतर. छापील कागद वाट बघू शकतो, टेप बघत नाही.

डिजिटलचंही खरं सांगते. ट्रंकेतला कागद कुणी न बघता पन्नास वर्षं पडून राहिला तरी बहुतेकदा वाचता येतो. हार्डडिस्क तशी पडून राहिली तर उघडेलच असं नाही. आजच्या नाटकाचं अर्धं दप्तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे : सेटचे फोटो, तालमीचं वेळापत्रक, दिग्दर्शकानं रात्री बारा वाजता पाठवलेला बदललेला संवाद. ग्रुप बंद झाला, फोन बदलला की ते गेलं. म्हणून प्रत्येक नाटकाचं एक फोल्डर करा. फाइलच्या नावात नाटक, तारीख आणि कशाचं काय ते असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ अशी नावं ठेवलीत तर नंतर तुम्हालाच कळणार नाही की रंगमंचावर गेली ती प्रत कोणती. वर्षातून एकदा ते फोल्डर उघडून बघायचं काम कुणाच्या तरी नावानं ठरवा.

तो कुणीतरी म्हणजेच आपला ला ग्रांज. ज्या संस्थेत असा माणूस ठरलेला असतो तिथलं दप्तर टिकतं, मग पैसे असोत नसोत. बहुतेक वेळा रंगमंच व्यवस्थापकच हे करू शकतो, कारण सगळे कागद त्याच्या हातून जातात. नव्या नाटकाच्या पहिल्या वाचनालाच त्याचं नाव जाहीर करावं, जसं नेपथ्यकाराचं करतात. कंत्राटं, मानधन, खासगी पत्रं हे कुणाला दाखवायचं आणि कधी, हेही आधीच लिहून ठरवावं. आणि संग्रह पुढे ग्रंथालयाला द्यायचा झाला तर हक्क कुणाकडे राहणार, हे कागदावर घेतल्याशिवाय एक पाकीटही देऊ नये.

त्या ट्रंकेत तळाला एक फोटो होता. प्रयोगानंतर काढलेला, सेटवरच. सात जण, कुणाच्या तोंडाचा रंग अजून उतरलेला नाही. सहा जणांची नावं पहिल्याच दिवशी मिळाली. डावीकडून तिसरी बाई कोण, हे कुणाला सांगता येईना. तिच्या खांद्यावर मोजपट्टी होती आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता शेजारच्या नटाच्या बाहीकडे बघत होती. पुढचे तीन महिने तो फोटो आम्ही येईल त्याला दाखवत होतो. शेवटी तिकीटखिडकीवर बसणाऱ्या एका आजोबांनी तिला ओळखलं. ती कपडेपट बघायची. एकवीस वर्षं त्या संस्थेचा प्रत्येक कपडा तिच्या हाताखालून गेला होता, आणि एकाही हँडबिलावर तिचं नाव नव्हतं. फोटोच्या पाकिटावर आता मऊ पेन्सिलीनं सातही नावं आहेत.

त्याच खोक्यात दुसरा एक फोटो आहे. त्याच्या पाकिटावर लिहिलंय : ‘उजवीकडून दुसरा, टोपीवाला, माहीत नाही. विचारायचं.’ आम्ही अजून विचारतो आहोत.

नमस्कार.