चौदा संघांचा एडविन जॅक्सन

मित्रहो, बेसबॉलमधल्या दिग्गजांवर बोलायला कुणीही तयार होईल. मी आज एडविन जॅक्सनबद्दल बोलणार आहे. पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा; नावावर 107 विजय आणि 133 पराभव. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, तो 14 वेगवेगळ्या संघांकडून खेळला. हा विक्रम बरीच वर्षं त्याच्या एकट्याचा होता, 2025 मध्ये पिचर रिच हिलने त्याची बरोबरी केली.

पदार्पण मात्र असं, की पुढे काय होणार याचा कुणाला अंदाज येऊ नये. 9 सप्टेंबर 2003, पोराचा विसावा वाढदिवस. लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिलाच सामना, समोर दिग्गज पिचर रँडी जॉन्सन. आणि सामना जिंकला हा! पण वेग जन्मजात होता, तरी चेंडू हवा तिथे पडेलच याची खात्री नव्हती. दोन-अडीच वर्षांत डॉजर्सनी त्याला टँपा बेला देऊन टाकलं.

त्याचा खेळ एका सामन्यात बघायचा असेल तर 25 जून 2010 चा बघा. ॲरिझोनाकडून तो टँपा बेविरुद्ध, म्हणजे आपल्याच जुन्या संघाविरुद्ध उतरला होता. तिसऱ्या इनिंगमध्ये एकही बाद नसताना त्याने तिघांना वॉक (चार चेंडू भलतीकडे टाकले की फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) देऊन सगळे बेस भरून टाकले. पहिल्या तीन इनिंगमध्येच सात वॉक! एरवी पिचर शंभर पिचच्या, म्हणजे फेकलेल्या चेंडूंच्या, आसपास गेला की व्यवस्थापक त्याला बसवतो. पण टँपाला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणारा फटका, मिळत नव्हता, आणि हा बाहेर यायला तयार नव्हता. अखेर 149 पिच, आठ वॉक, शून्य हिट, 1-0 असा विजय. इतका गचाळ आणि इतका थरारक नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न दिलेला सामना, क्वचितच पाहायला मिळतो. आणि बक्षीस काय? जुलै संपायच्या आत ॲरिझोनाने त्याला व्हाइट सॉक्सकडे धाडलं.

आता तुम्ही विचाराल, अशा अदलाबदलीला खेळाडू नाही म्हणू शकत नाही का? करारात तशी अट नसेल तर नाही. नियमाने नकाराचा हक्क मिळतो तो मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालेल्याला, आणि तीही शेवटची सलग पाच एकाच क्लबमध्ये काढली असतील तर. म्हणजे ज्याला या हक्काची खरी गरज, त्याच्याच वाट्याला तो येत नाही. मला तरी हा नियम क्रूर वाटतो.

27 जुलै 2011 ला व्हाइट सॉक्सनी त्याला टोरांटोला दिलं, टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुईसला. टोरांटोची जर्सी अंगाला लागलीच नाही. त्या वर्षी सेंट लुईसने वर्ल्ड सीरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. पुढे शिकागो कब्जनी त्याच्याशी चार वर्षांचा 5 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. पहिल्याच मोसमात तो 18 सामने हरला आणि 2015 मध्ये कब्जनी त्याला मोकळं केलं. उरलेला पगार त्यांच्याच माथी होता, त्यामुळे तो किमान वेतनात कुणालाही परवडणारा झाला. कुठे ना कुठे कुणाचा तरी पिचर जायबंदी होतोच. मग फोन येणारच.

त्यातही 2018 मध्ये ओकलंडसाठी तो झकास खेळला. 2019 च्या मे महिन्यात पुन्हा टोरांटोने बोलावलं, आणि या खेपेला तो खरोखरच त्यांच्यासाठी मैदानात उतरला. तो त्याचा चौदावा संघ. तिथे बेदम मार खाल्ला, तोही खराच. मग 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात त्याला जागा मिळाली, रौप्यपदक मिळालं, आणि त्याच सप्टेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली.