भेटवस्तूंचा धंदा आणि चोरीच्या कार्डावरची ऑर्डर

अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या व्यापारी बंधुभगिनींनो,

पत्रिकेत माझा विषय ‘ऑनलाइन फसवणुकीपासून बचाव’ असा छापलेला आहे आणि बचावाचे उपाय मी सांगणारही आहे. परंतु त्याआधी माझे एक जुने म्हणणे आपणांपुढे मांडू द्यावे. लबाडाची ऑर्डर ओळखण्याच्या ज्या खुणा सर्वत्र शिकवल्या जातात, त्या भेटवस्तूंच्या धंद्यात जवळजवळ निरुपयोगी आहेत. पैसे देणारा एक आणि माल घेणारा दुसरा, कार्डाचा पत्ता न्यू जर्सीचा आणि माल पोहोचवायचा नाशिकच्या गंगापूर रोडला, गिऱ्हाईक नवे आणि घाई मोठी, कारण मुंज परवावर आलेली. मोबाइल विकणाऱ्याने अशी ऑर्डर अडवली तर तो सावध ठरतो. आपण अडवली तर ऐन दिवाळीत दुकानाला कुलूप लावावे लागेल. खरी भेट आणि खोटी ऑर्डर या कागदावर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

आमच्याकडे एकदा दिवाळीच्या तोंडावर परदेशी कार्डावरून चांदीच्या निरांजनांची जोडी मागवली गेली, त्याच संध्याकाळी तशीच आणखी एक, आणि दुसऱ्या दिवशी चांदीची नाणी. भावाबद्दल अवाक्षर नाही. (हसू नका, नाशिकचे गिऱ्हाईक घासाघीस न करता चांदी घेऊ लागले, तर मला आधी त्याच्या प्रकृतीची काळजी वाटते.) माल गेला, सहीची पोच आली, आणि माघात खऱ्या कार्डधारकाची तक्रार आली. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा तक्रारीला बहुधा १२० दिवसांपर्यंत मुदत असते, त्यामुळे फराळाचे डबे रिकामे होऊन कित्येक आठवडे लोटले तरी चार्जबॅक, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून दुकानदाराकडून पैसे परत काढून घेणे, येऊ शकतो. कार्डाचे पैसे आमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या पेमेंट कंपनीने सगळी रक्कम आमच्या पुढच्या विक्रीतून वळती करून घेतली आणि वर तक्रार हाताळण्याचे शुल्कही लावले. मी कुरिअरची पोच पाठवली, तेव्हा उत्तर आले की, ती माल पोहोचल्याचा पुरावा आहे, कार्डधारकाने तो मागवल्याचा नव्हे. हे उत्तर तर्काला धरून आहे, हे मी मान्य करतो. माझा राग त्या हिरव्या खुणेवर आहे. व्यवहार ‘मंजूर’ झाला याचा अर्थ साधारण एवढाच की, कार्ड चालू आहे आणि त्यावर तेवढी मर्यादा शिल्लक आहे. ते कोणाच्या हातात आहे, याविषयी ती खूण काहीच सांगत नाही. करार करताना गोड बोलणारा पेमेंट कंपनीचा प्रतिनिधी मात्र ही गोष्ट बारीक अक्षरांवर सोडून देतो.

त्या तिन्ही ऑर्डरींत भेटचिठ्ठीचा रकाना रिकामा होता, आणि माझे म्हणणे नेमके तेथूनच सुरू होते. परदेशातला मुलगा आईच्या पंचाहत्तरीला भांडी बाजारातले तांब्याचे घंगाळ पाठवतो, तेव्हा किमतीपेक्षा चिठ्ठीच्या मजकुरावर अधिक वेळ घालवतो; नातवंडांची नावे वयाच्या क्रमाने लागली ना, हे विचारायला पुन्हा फोन करतो. चोराला त्या आईशी काही देणेघेणे नसते. म्हणून मोठ्या ऑर्डरीला ओळखपत्र मागून गिऱ्हाइकाचा अपमान करण्याऐवजी फोन करून ‘चिठ्ठीवर काय लिहू?’ एवढेच विचारावे. खरा माणूस भरभरून सांगतो. लबाड फोन उचलत नाही किंवा ‘काहीही लिहा, पण आजच पाठवा’ म्हणतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, त्यामुळे उपाय धावतपळत सांगतो. भारतीय कार्डांवर ऑनलाइन खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली. आपण ओटीपी टाकतो तो त्यातूनच आला. परदेशात दिलेल्या कार्डांना ही सक्ती लागू नाही आणि गळती तेथेच होते. परदेशी कार्डांनाही थ्री-डी सिक्युअर, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेनेच गिऱ्हाइकाची खात्री करून घेण्याची, पडताळणी लावावी, असे आपल्या पेमेंट कंपनीला लेखी कळवावे. ती पूर्ण झाली असेल तर फसवणुकीच्या तक्रारीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. काही गिऱ्हाइके त्यामुळे अर्ध्यावरून परत जातील. चांदीच्या बाबतीत ते सोसावे, चिवडा-मनुकांच्या डब्यांना एवढी कडकाई नको. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या कार्डांचा पत्ता बँकेकडील नोंदीशी ताडून पाहण्याची सोय असते, ती मागून घ्यावी. एकामागून एक कार्डे नाकारली जाऊन शेवटी एक चालले, तर कोणीतरी चोरीची कार्डे आपल्या दुकानात तपासत आहे असे समजावे आणि प्रयत्नांवर मर्यादा घालावी. व्हॉट्सअॅपवर कार्डाचा नंबर घेऊ नये. माल वाटेत असताना पत्ता बदलण्याची मुभा कुरिअरने कोणालाही देऊ नये, असे ठरवून घ्यावे. रद्द ऑर्डरीचे पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत करावेत. ‘ते कार्ड बंद झाले, यूपीआयवर पाठवा’ म्हणणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी घेऊ, कारण सभागृह पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामे करून द्यायचे आहे.