गोलंदाजांची खूण

नमस्कार, श्रोतेहो. क्रिकेटचं समालोचन ऐकताना 'गोलंदाज' हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. मैदानावर यायच्या आधी तो तोफखान्यात होता. मूळ फारसी, गोळा फेकणारा, म्हणजे तोफ डागणारा. मुंबई इलाख्याच्या फौजेत चक्क 'गोलंदाज बटालियन' होती आणि तिची एक कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली. तीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी, झाली. म्हणून भारतीय तोफखाना २८ सप्टेंबरला आपला 'गनर्स डे' पाळतो.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातून तोफा काढून घेतल्या. उरल्या त्या डोंगरी बॅटऱ्यांच्या हलक्या तोफा. त्यातली अडीच इंची तोफ मोठी गमतीची. तिची नळी दोन तुकड्यांत. मागचा अर्धा एका खेचराच्या पाठीवर, पुढचा दुसऱ्याच्या. गाडा आणि चाकं आणखी खेचरांवर. मुक्कामी पोचलं, की दोन्ही अर्धे स्क्रूसारखे पिळून जोडायचे आणि तोफ तयार! मैदानी तोफांची पहिली हिंदी रेजिमेंट उभी राहायला मात्र १९३५ साल उजाडलं, तेही बंगळुरात.

आता भारतीय तोफखान्याच्या टोपीवरचा बिल्ला पाहा. मोठ्या चाकांची जुनी तोफ आणि ब्रीद, 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'. ब्रिटिश तोफखान्याच्या बिल्ल्यावर मुकुट आहे. आपण तिथे तारा बसवला. 'सर्वत्र' हे त्यांच्या 'उबिक्वे' या लॅटिन शब्दाचं संस्कृत रूप. पुढे लगेच फारसी वळणाचे इज्जत आणि इकबाल, म्हणजे मान आणि वैभव! भाषाशुद्धीवाल्यांनी कपाळाला हात लावावा अशी ही जोडी, पण मला ती फार आवडते. छावणीत माणसं अशीच तर बोलतात.

पायदळाच्या पलटणीला ध्वज असतो, त्यावर लढायांची नावं भरतकामानं काढलेली असतात. तोफखान्याला तसा ध्वज नाही. तोफ हाच त्याचा ध्वज, आणि ध्वजाचा मान तिलाच. ती शत्रूच्या हाती पडणं म्हणजे ध्वज गमावणं.

हवालदार उमराव सिंग यांनी याचा अर्थ ब्रह्मदेशात, कलादान खोऱ्यात दाखवला. १५ आणि १६ डिसेंबर १९४४. आधी दीड तास तोफगोळ्यांचा मारा, मग जपान्यांचे हल्ल्यावर हल्ले. सोबतचे पडत गेले, दारूगोळा संपला. तेव्हा या गड्यानं तोफ उचलायचा लोखंडी दांडा हातात घेतला आणि तो शत्रूवर तुटून पडला. सहा तासांनी आपली माणसं तिथे पोचली, तेव्हा उमराव सिंग बेशुद्ध होते. अंगावर सात गंभीर जखमा, भोवती दहा जपानी सैनिकांची प्रेतं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. तोफ धड होती. त्याच दिवशी ती पुन्हा धडाडली.