खालचा पत्रा बघा

(खानापूर तालुक्यातील एका गावच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मारुती आठशे २०१४ साली बनायची बंद झाली, ओम्नी आणि सुमो २०१९ साली. म्हणजे आज आपल्या गावांतून या ज्या गाड्या फिरतात, त्यांतली एकही नवी नाही. त्याच गाडीतून आपण नवरी आणतो, पोरं शाळेला पाठवतो, रात्री-अपरात्री पेशंट बेळगावला नेतो. म्हणून आज गंजाबद्दल बोलायचं.

सुमोला, जीपला खाली जाड लोखंडाची वेगळी चासी, म्हणजे गाडी पेलणारी चौकट असते. आठशेला आणि ओम्नीला तशी चासी नाही. पातळ पत्रा दाबून त्याच्या पोकळ पेट्या केल्या, त्या एकमेकींना वेल्ड केल्या आणि त्यांवरच सगळी गाडी उभी केली. या पत्र्याची जाडी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर. फ्लोअर, दाराखालची पट्टी, दोन दारांमधला खांब, सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. सीटबेल्टचा बोल्टसुद्धा त्याच पत्र्याला धरलेला असतो. तो पत्रा कुजला, तर बेल्ट लावलेला माणूस कशाच्या आधारावर बसलाय, सांगा बघू.

गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांवर गेली की गंजाचा वेग वाढतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात महिनोन्‌महिने हवा त्याच्या वरच असते. दाराच्या खालच्या कडेला आणि दाराखालच्या पट्टीला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडची तांबडी माती आणि भाताचा कोंडा त्यांत बसला की ती बुजतात आणि पाणी आतच राहतं. म्हणून ही पट्टी आतून खात जाते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं काम झालेलं असतं.

त्यात मीठ आलं की विचारूच नका. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथल्या सेकंडहँड गाड्या स्वस्त मिळतात आणि दिसायलाही चकचकीत असतात. पण समुद्राकाठी वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि गोव्याला नाव ठेवण्याआधी आपलंही बघूया. ओम्नीची मागची सीट काढून आपण खताची पोती भरतो. पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठच. एक पोतं फाटलं, चार मुठी मॅटखाली गेल्या, वर ओल आली, की तिथला फ्लोअर खायला सुरुवात झाली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणी-चिकोडीकडे ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या पोकळ पेट्यांत गेलेला गाळ वरवर धुऊन निघत नाही. अशी गाडी घेताना सीटखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला चिखल आहे का, तेवढं नक्की बघा.

आता लांबीबद्दल, म्हणजे भोकं-खड्डे बुजवायला पत्र्यावर थापतात त्या पुट्टीबद्दल. मला सगळ्यांत जास्त चीड येते ती याची. पत्र्याला हाताएवढं भोक पडलेलं असतं. त्यात जाळी किंवा कापडाचा बोळा कोंबतात, वर लांबी थापतात, घासून गुळगुळीत करतात आणि रंग मारतात. घेणाऱ्याला काही कळत नाही. घरातलं साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घ्या आणि दाराखालच्या पट्टीवरून, चाकाच्या कमानीवरून हळूहळू फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते ओढ घेतं, जाड लांबी आली की ओढ जाते. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकून बघा. चांगला पत्रा टण् वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि खपल्या पडतात. पण हे करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नका. जॅक लावायची जागासुद्धा त्याच पट्टीला असते आणि ती कुजली असेल तर जॅक आत घुसून गाडी अंगावर येते. रॅम्पवरच बघा.

रॅम्पवर गाडी असेल तेव्हा ब्रेकचा पाईपही बघा. लोखंडी पाईप क्लिपनं फ्लोअरला धरलेला असतो, क्लिपच्या मागं चिखल साठतो आणि नेमका तिथंच पाईप खातो. रोजच्या हलक्या ब्रेकला तो टिकून असतो. घाटात म्हैस आडवी आली आणि पाय जोरात दाबला की फुटतो. ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग, म्हणजे सर्किट असतात, त्यामुळे अर्धे ब्रेक उरतात. उतारावर, भरलेल्या गाडीला, ते पुरत नाहीत. सायलेन्सर गळत असेल आणि फ्लोअरला भोक असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो.

मघाशी पुढच्या रांगेतून मामांनी विचारलं, "सर, वेल्डिंग मारून घेतलं की झालं की?" होतं मामा, पण कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि तिथं तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा बसवला तर. गंजावर पट्टी ठेवून वेल्डिंग धरत नाही, चार महिन्यांत शेजारून सुटतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर तीही उतरवा. झाल्यावर आतून मेण किंवा कोटिंग मारून घ्या, पण पाण्याची भोकं मोकळी ठेवून.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढतं. त्या कागदावर निर्धास्त राहू नका, पाच पावसाळे म्हणजे पुष्कळ झाले. सस्पेन्शन ज्या पत्र्याला धरलंय, स्टिअरिंग जिथं बसलंय, बेल्टचा बोल्ट जिथं आहे, यांतली एकही जागा कुजली असेल तर ती गाडी रस्त्यावरून काढा. मोडीत घाला, रजिस्ट्रेशन रद्द करून घ्या. रंग मारून पलीकडच्या गावात विकू नका. तिकडंही पोरंच बसणार आहेत.

आता प्रश्न विचारा. ज्यांनी गाडी आणली आहे त्यांनी थांबा, चुंबक आणि टॉर्च माझ्याजवळ आहे.