पाण्यावर तरंगणाऱ्या सुरळ्या

श्रोतेहो, नमस्कार. लावणी उरकून थोडे दिवस होतात, आणि पाणी तुंबलेल्या खाचरात एका कडेला भाताचे शेंडे कात्रीने छाटल्यासारखे दिसू लागतात. पाती पांढुरकी, कागदासारखी. लगेच युरियाचं घमेलं उचलू नका. वाकून पाण्याकडे बघा. दीड-दोन सेंटिमीटरच्या पानाच्या नळ्या तरंगत असतील, तर ही सुरळीतील अळी.

हिचा पतंग नखाएवढा, पांढरा, पंखांवर तपकिरी खुणा. रात्री दिव्यावर येतो. मादी पाण्याला टेकलेल्या पानांखाली अंडी घालते, ती ४ ते ६ दिवसांत फुटतात. अळी पानाचा शेंडा कापते, कडा रेशमी धाग्याने जोडते आणि त्या नळीत राहते. रात्री नळीसकट रोपावर चढून पानाचा हिरवा गर खरवडते, दिवसा पाण्यावर तरंगते. पतंगांच्या अळ्या एरवी पाण्यात गुदमरतात. हिच्या अंगाला मात्र दोन्ही बाजूंनी धाग्यांसारखे कल्ले असतात, त्यामुळे ही उलट पाण्यावाचून गुदमरते.

तिचं वर्म तेच. पावसाची उघडीप बघा. दोघांनी समोरासमोरच्या बांधांवरून काथ्याचा जाड दोर भातावरून ओढत न्या, सुरळ्या पाण्यात गळतील. लगेच बांधाला एकच खांड पाडा, खांडीत मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवा आणि पाणी सोडा. अडकलेल्या सुरळ्या गोळा करून पुरून टाका. खाचर २-३ दिवस निथळलेलं ठेवा. भेगा मात्र पडू देऊ नका.

चूक बहुतेक खांडीवर होते. जाळी नसेल तर आपल्या अळ्या खालच्या खाचरात उतरतात, म्हणून चोंढ्यातल्या, म्हणजे सखल भागातल्या लागून असलेल्या खाचरांच्या, सगळ्यांनी एकाच दिवशी काम काढावं. पाण्यावर रॉकेल टाकण्याचा जुना सल्ला सोडून द्या. त्याने अळी खाणारे पाणकिडेही मरतात, आणि आता रॉकेल मिळतं तरी कुठे?

पान उभं गुंडाळलेलं, पण रोपालाच असेल, तर ती पाने गुंडाळणारी अळी. खाचरातलं पाणी काढून टाकलं तरी तिला काही होत नाही.

बांधावरचं पाण्यात लोंबणारं गवतही कापा, कारण ही अळी गवतावरही पोसते. फुटवे येत असताना भात बहुधा सावरतं, म्हणून फवारणीची घाई नको. दोर मात्र वेळेवर फिरवा: कोषात जाताना अळी सुरळी बुंध्याला पक्की चिकटवते, मग ती सहज गळत नाही.