आग नाही, मग दारात बंब कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहून आलेल्या आईबाबांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. शेजारच्या आजोबांना धाप लागली, कुणीतरी ९११ लावला, आणि पाच-सात मिनिटांत दारात भलामोठा लाल बंब. ॲम्ब्युलन्स त्याच्या मागून. घरात ना धूर ना जाळ. मग हे लोक पत्ता चुकले की काय? आणि याचं बिल कुणाच्या माथी?

पत्ता बरोबर असतो. त्या बंबात साधारण १९०० लिटर पाणी असतं, पण घरात शिरतात ती तीन किंवा चार माणसं, आणि त्यांच्या हातात नळी नसून पिशव्या असतात. ऑक्सिजनचं नळकांडं, तोंडावर दाबून हवा भरायचा मास्क-फुगा, हृदयाला झटका देणारं यंत्र, रक्तदाबाचा पट्टा, साखर मोजायचं मशीन. शहरी अग्निशमन दलांतले बहुतेक जवान ईएमटी असतात, म्हणजे प्राथमिक उपचारांचं दीडशे-दोनशे तासांचं शिक्षण झालेले. पुष्कळ शहरांत त्यांतला एक पॅरामेडिक असतो. त्याचं शिक्षण हजार तासांच्या वरचं. तो शिरेतून औषध देतो, ईसीजी वाचतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्स धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो. तिथल्या गाडीत सहसा डॉक्टर नसतो. डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या आदेशांवर पॅरामेडिक काम करतो आणि अडलं तर हॉस्पिटलला फोन लावतो. त्यामुळे उपचार घरातच, गालिच्यावर सुरू होतात. ‘उचला आणि पळा’ असा प्रकार कमी. आणि घरात उपचार करायचे म्हटलं की माणसं लागतात.

किती लागतात, ते मोजून बघू. हृदय बंद पडलेला माणूस समोर आहे. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा जोर कमी होतो. त्याला स्वतःला ते कळत नाही, पण खोली घटते. म्हणून दर दोन मिनिटांनी बदली. झाली दोन माणसं. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायला दोन्ही हात लागतात, एका हातानं धरला की कडेनं हवा निसटते. म्हणून मास्क एक धरतो आणि जो दाबायच्या पाळीवर नाही तो फुगा दाबतो. तिसरा. यंत्राचे पॅड लावून पडद्यावर लक्ष ठेवणारा चौथा. शीर शोधून, ती सापडली नाही तर नडगीच्या हाडात सुई घालून, दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रिनलिन देणारा पाचवा. सहावा हातात काहीच धरत नाही. तो घड्याळ बघतो, बदल्या पुकारतो, घरच्यांना विचारतो. ॲम्ब्युलन्सवर माणसं किती? दोन. बंबावरची चार धरली की हिशेब जुळतो.

हे पलंगावर जमत नाही. गादी खाली दबते, छाती दबत नाही. बाथरूममध्ये कोसळलेल्या माणसाला आधी ओढून दिवाणखान्यात आणतात, टीपॉय भिंतीशी ढकलतात. घरच्यांना तो आडदांडपणा वाटतो, पण रुग्णाच्या चारी बाजूंना गुडघे टेकायला जागा नसेल तर सहा माणसं असून उपयोग नाही.

आता बंबच आधी का पोचतो? अमेरिकेत फायर स्टेशनं आगीच्या हिशेबानं वस्तीभर पेरलेली आहेत. आगीच्या विम्याच्या मोजणीत दाट वस्तीपासून दीड मैलाच्या आत बंब असावा, असा जुना दंडक आहे. ॲम्ब्युलन्स संख्येनं कमी, आणि त्यांतल्या काही कायम हॉस्पिटलच्या दारात रुग्ण सोपवायच्या रांगेत अडकलेल्या. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं पगारी दलांसाठी १७१० क्रमांकाचं मानक आहे, २००१ पासूनचं. त्यात कॉल आल्यावर निघायला ६० सेकंद, पहिली मदत झटक्याच्या यंत्रासह पोचायला ४ मिनिटं आणि पॅरामेडिकच्या दर्जाची मदत यायला ८ मिनिटं, असं गणित आहे. हा कायदा नाही, आणि ते सगळीकडे पाळलंही जात नाही. पण चार मिनिटांचा आकडा उगाच आलेला नाही: हृदय थांबल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते, आणि कुणी छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते.

ही पद्धत तशी जुनी नाही. १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्या काळी देशातल्या जवळजवळ निम्म्या ॲम्ब्युलन्स अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या होत्या. कारण साधं: माणूस आडवा मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. त्या अहवालानंतर चक्रं फिरली. १९७० मध्ये सिएटलच्या अग्निशमन दलानं जवानांनाच पॅरामेडिक बनवायला घेतलं, लॉस एंजेलिस आणि मायामीही त्याच वाटेवर होते. दरम्यान आगी कमी होत गेल्या. आज तिथल्या दलांच्या दर शंभर कॉलांमागे वैद्यकीय साठाहून जास्त, आणि आगीचे जेमतेम चार-पाच.

मग वीस टनांचं धूड कशाला, जीपमधून या की! टीका रास्त आहे. तिथले करदातेही तेच विचारतात. काही शहरांनी छोट्या गाड्या आणल्याही आहेत. अडचण अशी, की जवान जीपमधून तुमच्याकडे आले आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत आग लागली, तर बंब स्टेशनात आणि माणसं तुमच्या दिवाणखान्यात. बंब बरोबर असला की ते इथूनच तिकडे वळतात. शिवाय बंबाच्या कप्प्यांत घरी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात. आतून कडी लावून पडलेल्या आजींचं दार उघडायला हॅलिगन नावाची पहार. अनेक दलांत औषधांच्या पिशवीलाच कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा छोटा मीटर अडकवलेला असतो. थंडीत घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय असा कॉल आला, तर दारातच तो मीटर ओरडतो आणि दोष पोटाचा नसून तळघरातल्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा निघतो.

आणि जिना. तिथली घरं लाकडी, निजायच्या खोल्या वर, जिना मध्ये वळलेला. ॲम्ब्युलन्सचं विजेवर उचलणारं स्ट्रेचर रिकामंच सत्तावन्न किलोच्या आसपास भरतं. ते वर जात नाही. रुग्णाला पट्ट्यांनी खुर्चीत बांधून खाली आणतात: एक वर, एक खाली, आणि उलटं उतरणाऱ्याच्या पाठीला हात लावून पायऱ्या मोजणारा तिसरा. घसरगुंडी होते ती बहुधा एकाच कारणानं. रुग्ण घाबरून कठडा पकडतो आणि तिघांचाही तोल जातो. म्हणून हात छातीवर दुमडून ठेवायला सांगतात. तुमच्या आईला इंग्रजी कळत नसेल तर तेवढं वाक्य मराठीत तुम्ही सांगा.

पुढे बंब ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग हॉस्पिटलला निघाला, तर त्याचंही नवल वाटून घेऊ नका. रुग्ण अत्यवस्थ असला की बंबातले एक-दोघं जण ॲम्ब्युलन्समध्ये चढतात, कारण ॲम्ब्युलन्सवरच्या दोघांपैकी एक गाडी चालवणार. त्यांना परत आणायला बंब जातो.

प्रत्येक कॉलला हा लवाजमा येत नाही. बऱ्याच केंद्रांत ऑपरेटर ठरलेले प्रश्न विचारून कॉलला अल्फापासून (साधा) एकोपर्यंत (सर्वांत गंभीर) दर्जा देतो. घोटा मुरगळला तर एकटी ॲम्ब्युलन्स, भोंगा न वाजवता. श्वास थांबला तर जवळ असेल ते सगळं. राज्यागणिकही फरक आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत बंबावर पॅरामेडिक असतो. न्यूयॉर्कमध्ये पाण्याचे बंब येतात, शिडीच्या गाड्या सहसा नाहीत. न्यू जर्सीत पॅरामेडिक हॉस्पिटलचे, आणि दारात पहिला बहुधा पोलीस. त्याला पाहून घाबरू नका.

ऑपरेटर प्रश्न विचारत असतो तेव्हा गाडी खोळंबत नाही. त्याच्या शेजारी बसलेला दुसरा कर्मचारी ती पाठवत असतो. आधी पत्ता, अपार्टमेंटचा नंबर आणि गेटचा कोड सांगा. इंग्रजी अडलं तर नुसतं ‘मराठी’ म्हणा आणि फोन धरून ठेवा, दुभाषा जोडून देतात. सगळ्यात महागात पडणारी चूक एकाच प्रश्नावर होते: श्वास चालू आहे का? हृदय थांबल्यावरही माणूस थांबून थांबून घोरल्यासारखा आवाज काढतो, आचके देतो. घरचे ‘हो, चालू आहे’ म्हणतात आणि पहिली मिनिटं वाया जातात. तो श्वास नव्हे. ‘नीट नाही’ असंच सांगा.

बिलाचं म्हणाल, तर बंबाचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत, काही शहरं शुल्क लावतात. ॲम्ब्युलन्सचं बिल मात्र येतं आणि ते मोठं असतं, तेव्हा प्रवासी विम्यात ते धरलंय का हे निघण्याआधी बघा.

आणि एक कागद तयार ठेवा. जवान आल्या आल्या औषधं विचारतात, आणि आपल्याकडची ब्रँडची नावं त्यांना परकी. मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. त्यातही पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सर्वांत वर, ठळक अक्षरांत. वैद्यांचा काढा, भस्म चालू असेल तर तेही, लाजू नका. कशाची ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं. जन्मतारखेतला महिना आकड्यात नको, अक्षरांत हवा. तिथे महिना आधी येतो, त्यामुळे तुमची ५/८, म्हणजे पाच ऑगस्ट, त्यांच्या लेखी आठ मे होते. हा कागद फ्रिजच्या दारावर लावा. अनेक ठिकाणच्या जवानांची नजर आपोआप तिकडे जाते.

नमस्कार.